पेगच्या बेटावर : डिंगल आणि ब्लास्केटचे चार दिवस

आई तीन महिन्यांसाठी डब्लिनला आली तेव्हा तिने एकच मागणी केली. "मला समुद्र दाखव. आपल्यासारखा, गर्जणारा. हे तुमचं तळं नको." तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. डब्लिनच्या शांत उपसागरावर तिला दोनदा नेलं होतं, दोन्ही वेळा ती पाच मिनिटांत बाकावर जाऊन बसली.

मला बरीच वर्षं गोष्टी सांगणाऱ्या पेग सेयर्सच्या बेटावर, आयर्लंडच्या पश्चिम टोकाजवळच्या ब्लास्केटवर, जायचं होतं, तेव्हा ठरलंच. पेगचं नाव मी प्रथम ऑफिसात ऐकलं. माझ्या वयाच्या आयरिश सहकाऱ्यांपुढे हे नाव काढलं की सगळे कपाळाला हात लावतात, कारण तिचं आत्मकथन कित्येक वर्षं शाळेत सक्तीने शिकवलं जायचं. गरिबी, मुलांचे मृत्यू, देवाची इच्छा, आणि हे सगळं जुन्या वळणाच्या आयरिश भाषेत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना ते कसं आवडावं? पण याच बाईने लोककथा गोळा करणाऱ्यांना साडेतीनशेच्या वर गोष्टी सांगितल्या. वीरांच्या, भुतांच्या, संतांच्या, चावट नवराबायकोंच्या. त्यातलं शाळेत पोचलं ते फक्त रडगाणं, याचं मला फार वाईट वाटतं.

दिवस पहिला : डब्लिन ते डनक्विन

गाडीने वाटेत दोनदा थांबून सहा तास लागले. रेल्वेने ट्रलीपर्यंत जाऊन पुढे बसनेही डिंगल गाठता येतं, पण आईचे गुडघे लक्षात घेऊन मी गाडीच काढली. डिंगल द्वीपकल्पाचा पश्चिम भाग आयरिशभाषक पट्ट्यात येतो आणि तिथल्या रस्त्यांवरच्या पाट्या बऱ्याच ठिकाणी फक्त आयरिशमध्ये असतात. डिंगलचं नाव तिथे 'अन डँगन', बेटासमोरच्या डनक्विन गावाचं 'डून ख्वीन'. निघण्याआधी ही नावं कागदावर लिहून घ्या, कारण त्या कड्यांच्या आड फोनची रेंज जाते.

डिंगलला जेवायला थांबलो. दुधाच्या रश्शातलं माशांचं घट्ट सूप आणि सोडा घालून भाजलेला काळसर पाव. आईने सूप चाखलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मासा ताजा आहे. पण दुधात मासा म्हणजे..." पुढचं वाक्य तिने पावाबरोबर गिळलं. दुसऱ्या ताटलीत तव्यावर परतलेला बांगडा आला तेव्हा मात्र तिची कळी खुलली. त्या बेटावरच्या लोकांनी बांगडा आणि बटाटा यांवरच पिढ्या काढल्या, हे मी तिला तिथेच सांगितलं.

याच डिंगलमध्ये पेग चौदाव्या वर्षाच्या आसपास मोलकरीण म्हणून राहिली होती. तिचा जन्म १८७३ चा, डनक्विनजवळच्या वाडीतला. आईबापांची ती तेरावी. आधीच्यांपैकी मोजकीच जगली होती. बाप तोमास हा स्वतः गोष्टी सांगणारा. मुलीच्या पुढ्यात वतन म्हणून ठेवायला त्याच्याकडे एवढंच होतं. कामावर असताना पेगचा डोळा अमेरिकेवर होता. जिवलग मैत्रीण पुढे गेली होती आणि तिकिटाचे पैसे धाडणार होती. पण तिथे मैत्रिणीच्या हाताला इजा झाली, पैसे आलेच नाहीत. त्यानंतर एका रात्री स्थळ घेऊन माणसं घरी आली आणि फेब्रुवारी १८९२ मध्ये पेग लग्न होऊन ब्लास्केट बेटावर गेली. नवऱ्याचं नाव पाड्रिग. ठरलं आणि झालं, मध्ये फक्त काही दिवस.

आई गाडीत म्हणाली, "माझ्या आजीचंही असंच. मचव्यातून आणली होती."

मुक्काम डनक्विनला, एका साठीच्या बाईंच्या घरी. आमच्यासाठी त्यांनी चुलाण्यात पीट पेटवून ठेवलं होतं. दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात, ते पीट. बाहेर भिंतीलगत त्याची रास रचलेली पाहून आई थबकली. "शेणीची उडवी!" आणि खरंच, तशीच रचना, वरची थर उतरती, पाऊस ओघळून जावा म्हणून.

दिवस दुसरा : होडी निघाली नाही

सकाळी सातला होडीवाल्यांचा निरोप आला. आज फेरी नाही. खिडकीतून पाहिलं तर ऊन पडलेलं, वारा बेताचा. मी चिडले. आई मात्र अंगणात जाऊन बेटाकडे पाहून आली. "वारा इथे नाही, पण लाट लांबून येतेय. उतरायच्या जागी आपटत असणार." मालकीणबाईंनी नंतर अगदी हेच सांगितलं. डनक्विनच्या धक्क्यावरून बेट हाताच्या अंतरावर दिसतं, वीसेक मिनिटांची फेरी, पण मधली खाडी फार फसवी. १५८८ मध्ये स्पॅनिश आरमाराचं एक मोठं जहाज याच पाण्यात बुडालं.

तुम्ही जाणार असाल तर एक दिवस जादा हाताशी ठेवाच. फेऱ्या साधारण एप्रिल ते सप्टेंबर चालतात आणि चालणार की नाही हे त्या दिवशी सकाळी कळतं. एका दिवसाची घाईची सहल आखलेल्या दोन कुटुंबांना आम्ही धक्क्यावरून परत जाताना पाहिलं.

मग गेलो ब्लास्केट केंद्रात, म्हणजे बेटाच्या आणि तिथल्या लेखकांच्या संग्रहालयात. गावातच आहे, समुद्राकडे तोंड करून. आत एक लांबच लांब सोपा आहे, दोन्ही बाजूंना दालनं, आणि शेवटी काचेतून समोर बेट. तिथे आम्ही साडेतीन तास होतो. एवढ्या छोट्या बेटाने एवढी पुस्तकं कशी दिली, हा प्रश्न तिथे पडतोच. १९१६ च्या सुमारास लोकवस्ती सर्वांत जास्त होती तेव्हाही माणसं पावणेदोनशेच्या आसपास. देऊळ नाही, डॉक्टर नाही, दारूचा गुत्ता नाही. एक शाळा होती, तीही १९४१ मध्ये बंद झाली.

बेटावरच्यांपैकी पहिले लिहिते झाले तोमास ओ क्रिहिन, बेटाचे खरे इतिहासकार. मासेमारी करणारा हा माणूस आयरिश लिहा-वाचायला मोठेपणी शिकला आणि बेटावरची रोजची रीत, भांडणं, बुडालेल्या होड्या, सगळं कागदावर उतरवत गेला. नॉर्वेचा एक भाषापंडित १९०७ मध्ये त्यांच्याकडे आयरिश शिकायला येऊन राहिला. मग १९१० पासून ब्रिटिश म्युझियमचे रॉबिन फ्लॉवर येऊ लागले. बेटावर त्यांना 'ब्लाहीन' म्हणजे 'छोटं फूल' म्हणत. १९४६ मध्ये ते वारले तेव्हा त्यांची रक्षा याच बेटावर विखुरली.

पेगला लिहिता येत नव्हतं, म्हणजे आयरिश लिहिता येत नव्हतं. शाळेत शिकवलं ते इंग्रजी. बोलायची ती आयरिश, स्वप्नं पडायची ती आयरिशमध्ये, आणि अक्षरं मात्र परक्या भाषेची. म्हणून डब्लिनहून सुट्टीत येणाऱ्या दोन आयरिशप्रेमी बायकांनी आग्रह धरला तेव्हा तिने आपलं आयुष्य मुलाला, मीहालला, सांगितलं आणि त्याने उतरून घेतलं. ते १९३६ मध्ये छापून आलं. शाळेत गेलं ते हेच, तेही पोरांच्या हाती द्यायला म्हणून सोज्वळ करून.

गोष्टी मात्र वेगळ्या वाटेने जपल्या गेल्या. डनक्विनच्याच शाळामास्तरांचा मुलगा, शोसव ओ डाली, १९३५ मध्ये स्थापन झालेल्या लोककथा आयोगाचा संग्राहक होता. एडिफोन नावाचं मेणाच्या नळकांड्यावर आवाज कोरणारं जड यंत्र घेऊन तो पेगकडे वर्षानुवर्षं जात राहिला. रात्री ऐकायचं, नंतर घरी बसून शब्दन् शब्द वहीत उतरवायचा. आणि नळकांडी महाग, म्हणून उतरवून झालं की मेण तासून तेच पुन्हा वापरायचं! हे वाचलं तेव्हा माझा जीव कळवळला. वह्या डब्लिनच्या विद्यापीठात सुखरूप आहेत. पण त्या रात्रींचा आवाज, मध्येच घेतलेला श्वास, हसणं, ते सगळं तासलेल्या मेणाबरोबर गेलं.

आईचं लक्ष वेगळ्याच गोष्टीवर होतं. बेटावरची होडी, नेव्होग. लाकडी कामट्यांचा सांगाडा, त्यावर कापड ताणलेलं आणि वरून काळंभोर डांबर. आई खाली वाकली. "फळी कुठेच नाही?" मग वल्ह्यांकडे वळली. अरुंद दांडे, टोकाला पातं असं नाहीच, आणि मध्ये भोक पाडलेला तिकोनी लाकडी ठोकळा. तो होडीच्या काठावरच्या खुंटीत बसतो. "म्हणजे वल्हं सोडलं तरी वाहून जायचं नाही. हातात जाळं घेता येतं." तिथल्या मार्गदर्शक मुलीला मी हे भाषांतर करून सांगितलं, तर ती म्हणाली, रोज येणाऱ्यांपैकी हे कोणी विचारत नाही.

संध्याकाळी दफनभूमीत गेलो. पेग १९४२ मध्ये बेट सोडून परत जन्मगावी आली. शेवटची वर्षं डिंगलच्या इस्पितळात काढली आणि ८ डिसेंबर १९५८ ला गेली. कबर उतारावर आहे, समोर खाली समुद्र आणि पलीकडे बेट. गवतात गुलाबी फुलांचे झुबके होते. आईने चपला काढल्या. मी काही बोलले नाही.

रात्री चुलाण्यापाशी मालकीणबाई म्हणाल्या, "शाळेत मी तिचा राग राग केला. चाळिशीत एकदा तिचा आवाज ऐकला." १९४७ मध्ये रेडिओसाठी पेगचं थोडं ध्वनिमुद्रण झालं होतं, ते टिकलं आहे. "आणि काय सांगू, ती बाई थट्टा करत होती! मला शाळेत कोणी सांगितलंच नाही की ती विनोदी होती."

त्यांच्याकडून एक छान फरक कळला. गावाचा, घराण्यांचा, भुताखेतांचा, जागांचा इतिहास सांगणारा तो 'शॅनखी'. लांबलचक वीरकथा रात्र रात्र सांगणारा तो 'श्केली', आणि हा मान सहसा पुरुषांचा. पेग बापाकडून दोन्ही शिकली. मी आईला हे सांगत होते तेव्हा तिने विचारलं, "दिवसा सांगत का गं त्या गोष्टी?"

मी विचारलं. मालकीणबाई चमकल्या. नाही, दिवसा सांगणं अशुभ मानत. रात्रीच, आणि तेही हिवाळ्यात.

आई विजयी मुद्रेने माझ्याकडे वळली. आमच्या घरी दिवसा गोष्ट मागितली की उत्तर ठरलेलं असायचं : दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. मला एकुलता एक मामा. मी मुकाट्याने रात्रीची वाट पाहायचे.

मग आईनेच गोष्ट सांगायचं कबूल केलं, पण अंधार पडल्यावर. मे महिन्याचा शेवट, साडेनऊ वाजून गेले तरी आभाळ उजळ. आम्ही तिघी चहा घेत बसून राहिलो. साडेदहाला तिने सुरुवात केली. खाडीतल्या गिऱ्ह्याची गोष्ट. बुडून मेलेल्या माणसाचं भूत, त्याचा केस ज्याच्या हाती लागेल त्याच्या घरी ते राबतं, जाळी माशांनी भरून देतं. आजीच्या कुणा पूर्वजाने तो केस मांडी चिरून आत शिवला म्हणे. मी वाक्य वाक्य इंग्रजीत करत गेले. केस परत मिळाल्यावर गिऱ्हा घर उलथून निघून जातं, तिथे आई थांबली.

मालकीणबाई पुढे सरकल्या. "आमच्याकडे समुद्रातली बाई. कोळी तिचा झगा चोरतो आणि आढ्याला लपवतो. ती त्याची बायको होऊन राहते, मुलं होतात. एक दिवस झगा सापडतो." "आणि जाते," आई मराठीतच म्हणाली. भाषांतर करायची गरजच पडली नाही.

झोपण्यापूर्वी त्यांनी निखारे गोळा करून वर राख ओढली, सकाळी फुंकर घालायला. दाभोळच्या स्वयंपाकघरात आई लहानपणी हेच करायची.

दिवस तिसरा : बेट

फेरी मिळाली. धक्क्याकडे उतरणारी वाट नागमोडी आणि बरीच उभी आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी वेळ घेऊन उतरावं. बेटाजवळ मोठी बोट थांबते आणि छोट्या रबरी होडीतून काठाला नेतात. पायऱ्या शेवाळलेल्या. मी आईचा हात धरायला गेले तर ती म्हणाली, "हात नको. मनगट धर, आणि मी तुझं धरते. हात सुटतो." तेवढ्यात होडीवाल्या पोराने हात पुढे केला, आणि त्यानेही तिचं मनगटच पकडलं.

चांगले पकड असलेले बूट, वाऱ्याचं जाकीट, पाणी आणि जेवण बरोबर घ्या. चालायला चार तास तरी हवेत. आम्ही भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेली अंडी नेली होती.

बेट सहाएक किलोमीटर लांब आणि चिंचोळं. वस्ती एका टोकाला, मुख्य भूमीकडे तोंड करून. बहुतेक घरांना आता छप्पर नाही. एका बाजूची भिंत डोंगरातच खोचलेली, वारा चुकवायला. तोमास ओ क्रिहिन यांचं घर डागडुजी करून उभं केलंय, आत गेलं की ते किती लहान हे कळतं. वरच्या बाजूला सरकारी मंडळाने १९१० च्या सुमारास बांधलेली थोडी उंच घरं आहेत. पेगचं नंतरचं घर त्यातलंच. त्याच्या पुढ्यात उभं राहिलं की धक्का, डनक्विन, तिची जन्मवाडी, सगळं समोर. पन्नास वर्षं तिने माहेर असं रोज पाहिलं आणि मधलं पाणी परवानगी देईल तेव्हाच गाठलं.

याच घरातून पोरं एकेक करून अमेरिकेला गेली. जाणाऱ्याच्या आदल्या रात्री गावात जागरण असायचं, मयताच्या घरी असतं तसंच, कारण परत भेट होणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक असायचं. अकरा बाळंतपणं, त्यातली सहा मुलं वाढली. मुलगा तोमास १९२० मध्ये जळणासाठी झुडपं उपटताना कड्यावरून पडला, आणि त्याला शेवटचं नीट निजवण्याचं कामही तिच्यावरच आलं. नवराही त्यानंतर फार जगला नाही. बेटावर मोठ्या माणसांची दफनभूमी नव्हती. प्रेत नेव्होगमधून पलीकडे न्यायचं, आणि समुद्र खवळलेला असेल तर थांबायचं.

आई एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसली. तिच्या माहेरच्या वाडीत आता सात घरांना कुलूप आहे, गणपतीला उघडतात. "यांना गणपती पण नाही गं," ती म्हणाली.

शेवटी काय झालं ते मी तिला तिथे सांगितलं. १९४६ च्या नाताळात एक तरुण आजारी पडला. फोन बंद, हवा वाईट, डॉक्टर पोचू शकला नाही. जानेवारीत तो गेला. त्यानंतर बेटावरच्यांनीच सरकारकडे धोशा लावला, आम्हाला इथून न्या. १७ नोव्हेंबर १९५३ ला हलवाहलव सुरू झाली तेव्हा उरली होती २२ माणसं.

दुपारी आम्ही वरून पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्याकडे पाहत जेवलो. खाली करड्या सीलांचा मोठा कळप पसरला होता, मध्येच एखादा माणसासारखा हुंकार द्यायचा. त्यांच्या जवळ जाऊ नये, कड्यावरूनच पाहावं. भाकरी खाऊन झाल्यावर आई डोंगराच्या वाटेवर थोडी एकटीच चालून आली. येताना हातात काही नव्हतं, पण गाणं गुणगुणत होती, जात्यावरचं. मी ते आधी कधीच ऐकलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, "विसरले होते."

दिवस चौथा : परत

निघण्याआधी द्वीपकल्पाच्या टोकाला, स्ली हेडला, वळसा घातला. हा रस्ता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरा. मोठ्या बसगाड्या तशाच जातात, उलट गेलात तर अरुंद वळणावर समोरासमोर अडकाल.

मालकीणबाईंनी पीटचा एक तुकडा कागदात बांधून आईला दिला. आईने त्यांना खोबऱ्याच्या वड्यांचा डबा दिला आणि 'गुरमहगत' म्हणजे आयरिशमधलं धन्यवाद म्हणाली. दोन दिवस ती ते पाठ करत होती.

लिमरिक शहर ओलांडल्यावर मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू करून तिच्या पुढ्यात ठेवला. "ते जात्यावरचं म्हण ना. आणि मांडीत केस शिवला त्याचं नाव काय होतं?"

आईने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन लख्ख होतं.

"मामा अजून जिवंत आहे तुझा," ती म्हणाली. "रात्र होऊ दे."

घरी पोचून जेवणं झाली, भांडी झाली. अकराच्या सुमारास तिने दिवा मालवला, पीटचा तुकडा देवासमोर ठेवला होता तो जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "लाव ते तुझं यंत्र."